फ्लोअर बोरिंगचं रेट्रोफिट: भोसरीच्या शॉपमधल्या नोंदी

कारखाना भोसरी एमआयडीसीत आहे. आम्ही सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर आणि लहान-मध्यम स्टीम टर्बाइन बनवतो. हेवी बेचं आधुनिकीकरण टप्प्याटप्प्यानं करायचं ठरलंय आणि पहिला नंबर केसिंग (कॉम्प्रेसर-टर्बाइनचं बाहेरचं कवच) बोअर करणाऱ्या मशीनचा. असंच काम काढणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून या नोंदी ठेवतोय. सप्लायरची नावं मुद्दाम टाकलेली नाहीत, त्यामुळे कृपया विचारू नका.

१६ नोव्हेंबर २०२३

काल भाऊबीज झाली. आज गुरुवारची साप्ताहिक सुट्टी, म्हणजे क्रेन पूर्ण दिवस आपली. मशीन बंद केलं.

मशीन फ्लोअर टाइप हॉरिझॉन्टल बोरिंग, स्पिंडल १६० मिमी, एक्स (आडवी चाल) ८ मीटर, वाय (उभी चाल) ३ मीटर. सत्तरच्या दशकातलं चेकोस्लोव्हाकियाचं. त्या काळात जड मशीन म्हटलं की चेक हे समीकरणच होतं. रांचीच्या एचईसीचा मशीन टूल प्लांट आणि हैदराबादजवळचा भेलचा रामचंद्रपुरमचा कारखाना, दोन्ही त्यांच्याच मदतीनं उभे राहिले. कास्टिंग असं आहे की आज एवढं लोखंड कुणी घालणार नाही. म्हणूनच भंगारात न देता रेट्रोफिट, म्हणजे जुन्याच सांगाड्यावर नवे भाग. नव्या मशीनचं कोटेशन ११ कोटींचं होतं, वर डिलिव्हरी सोळा महिने. आम्हाला मंजूर झाले २ कोटी ४० लाख. त्यात बेड ग्राइंडिंग, स्लाइडला टर्साइट (सरकत्या पृष्ठभागावर चिकटवायचं प्लास्टिकचं शीट), नवे सर्वो, सीएनसी कंट्रोल, लिनिअर स्केल (जागा मोजणारी पट्टी), हायड्रॉलिक टूल क्लॅम्पिंग आणि फाउंडेशनची 'किरकोळ दुरुस्ती'. हे शेवटचे दोन शब्द प्रस्तावात जसेच्या तसे आहेत.

उघडायच्या आधी पूर्ण जॉमेट्री मोजून घेतली. हे कुणीही टाळू नये. उद्या बिल्डर (रेट्रोफिट करून देणारी कंपनी) म्हणतो "आधीपासूनच असं होतं", तेव्हा कागद हातात लागतो. बेड तिसऱ्या मीटरपाशी ०.१८ मिमी खाली गेलाय, दोन्ही टोकांना जवळजवळ नवा. पन्नास वर्षं सगळे जॉब मध्याच्या डावीकडेच लागले, कारण क्रेनचा हुक तिथपर्यंत सोयीनं यायचा.

२४ नोव्हेंबर

कॉलम (मशीनचा उभा खांब) उतरवला. वजन चौदा टन, आपली ईओटी (छतालगतची क्रेन) वीस टनांची, त्यामुळे हिशोब सरळ. सरळ नव्हतं ते कॉलमच्या पोटातलं काउंटरवेट. हेडस्टॉक (स्पिंडल धरणारा, कॉलमवर वर-खाली जाणारा भाग) सोडायच्या आधी ते पिन मारून अडकवावं लागतं, नाहीतर हेडस्टॉकचं वजन निघाल्याबरोबर काउंटरवेट साखळीसकट खाली. पिनेचं भोक रंगाच्या थराखाली बुजलेलं होतं. बिल्डरच्या पोरांना ते माहीतच नव्हतं. या मशीनवर हयात घालवलेल्या बोरिंगवाल्या मामांनी हातोडीच्या टोकानं रंग उडवून दाखवलं.

जुन्या इलेक्ट्रिकल ड्रॉइंगवरच्या खुणा चेक भाषेत. सगळं वायरिंग निघणारच असल्यानं त्यात वेळ घालवला नाही. ल्युब्रिकेशन लाइनचे फोटो मात्र प्रत्येक जॉइंटचे काढले.

७ डिसेंबर

बेड दोन तुकड्यांत स्लाइडवे ग्राइंडिंगला गेला. खाली फाउंडेशन उघडं पडलं आणि प्रस्तावातले ते दोन शब्द निकालात निघाले.

वरून काँक्रीट बरं दिसत होतं. कोअर (ड्रिलनं काढलेला गोल नमुना) काढून पाहिला तर तेल दीडशे मिमी आत मुरलेलं. कोअरचा तुकडा हातात घेतला तर बोटांना चिकट लागतो, वास अजून सोल्युबल ऑइलचा. अशा काँक्रीटवर ग्राउट (मशीनखालची पोकळी भरायचं मिश्रण) धरत नाही, मग तो सिमेंटचा असो की इपॉक्सीचा. अँकर बोल्टपैकी चार तर हातानं हलतात. वरचा थर तासून स्वच्छ काँक्रीट लागलं असतं तर निभावलं असतं, पण दोन भेगा आरपार. पूर्ण ब्लॉक फोडायचा निर्णय झाला. अंदाज १८ लाखांचा होता, आता तो आकडा विसरायचा.

११ डिसेंबर

ब्रेकर सकाळी सुरू झाला आणि अकरा वाजता बंद करावा लागला. शेजारच्या बेमध्ये बॅलन्सिंग मशीन आहे, हार्ड बेअरिंग प्रकारचं, त्याच जमिनीवर. तिथे एका कॉम्प्रेसर रोटरचं बॅलन्सिंग चालू होतं आणि रीडिंग स्थिर राहीना. बाहेरच्या माणसाला हे किती नाजूक असतं त्याची कल्पना यावी म्हणून हिशोब देतो. एपीआय ६१७ (कॉम्प्रेसरचं मानक) प्रमाणे एका जर्नलला (शाफ्टचा बेअरिंगमध्ये बसणारा भाग) चालणारा शिल्लक अनबॅलन्स म्हणजे ६३५० गुणिले जर्नलवरचं वजन किलोत, भागिले आरपीएम, उत्तर ग्रॅम-मिमीत. जर्नलवर २०० किलो आणि १०,००० आरपीएम धरले तर १२७ ग्रॅम-मिमी. इम्पेलरवर (रोटरचं पात्यांचं चाक) १५० मिमी त्रिज्येला हे होतं एक ग्रॅमहूनही कमी, साधारण ०.८५. शेजारी कुणी खडक फोडत असताना हे मोजणं शक्य नाही. सिलिंड्रिकल ग्राइंडरवाल्यांचीही तक्रार आली, जर्नलवर चॅटरच्या (थरथरीच्या) रेघा.

ठरलं असं की फोडकाम फक्त गुरुवारी आणि इतर दिवशी तिसऱ्या पाळीत, ज्या रात्री बॅलन्सिंग बंद असेल त्याच रात्री. कॉन्ट्रॅक्टरनं रात्रीचा दर वाढवून मागितला, द्यावा लागला. दोन आठवड्यांचं काम संक्रांतीपर्यंत जाणार हे आजच दिसतंय.

४ जानेवारी २०२४

दीड मीटरवर मुरूम संपून काळा पाषाण लागला. ही चांगली बातमी. याच्यावर बसलेला ब्लॉक कुठे जाणार नाही. वाईट बातमी अशी की खडकाच्या सांधीतून पाणी झिरपतंय, डिसेंबर-जानेवारीत सुद्धा. पंप लावून खड्डा कोरडा ठेवतोय. ब्लॉकच्या चारी बाजूंनी फ्लोअरपासून ५० मिमी फट ठेवली, म्हणजे फोर्कलिफ्ट गेली की हादरा बेडपर्यंत येणार नाही. जुन्या फाउंडेशनला अशी फट होती, पण कधीतरी कुणीतरी शॉप स्वच्छ दिसावं म्हणून ती सिमेंटनं भरून टाकली होती.

१९ जानेवारी

टर्साइटनं रडवलं.

कॉलमच्या बेसखालच्या स्लाइडला शीट चिकटवायचं. पद्धत सगळ्यांना माहीत आहे: पृष्ठभाग खरबरीत ठेवायचा, ॲसिटोननं पुसायचा, शीटची एच केलेली (इपॉक्सी धरावं म्हणून रसायनानं तयार केलेली) बाजू खाली, दोन भागांचं इपॉक्सी कंगव्यानं पसरायचं, वर वजन ठेवून चोवीस तास. बिल्डरच्या माणसांनी हे सगळं बरोबर केलं. चोवीस तासांनी वजन काढलं, तेलाच्या खाचा मारायला घेतल्या, आणि एका कडेनं शीट उचललं गेलं.

कारण थंडी. ते चोवीस तास ॲडहेसिव्हच्या डब्यावर लिहिलेत, पण खोलीचं तापमान धरून. भोसरीत सध्या पहाटे शेडमध्ये बारा अंश असतं आणि एवढं जाड कास्टिंग दुपारपर्यंत गारच राहतं. इपॉक्सी अर्धवट पिकलेलं. उरलेला भाग चांगला आहे की नाही ते पाहायला एक रुपयाचं नाणं घेऊन सगळ्या शीटवर टकटक करत गेलो. धरलेल्या जागी आवाज घट्ट, सुटलेल्या जागी पोकळ. खडूनं खुणा केल्या तर एक चतुर्थांश शीट पोकळ निघालं.

सगळंच काढलं. अर्धवट काढून जोड देणं म्हणजे पुढे तेल शिरायला दार. खरवडणं, पुन्हा साफ करणं, नवं शीट मागवणं यात पंधरवडा गेला. दुसऱ्या वेळी ताडपत्रीचा तंबू केला, आत हॅलोजन दिवे, कास्टिंगला थर्मामीटर. कास्टिंग २५ अंशांवर आल्याशिवाय इपॉक्सी कालवलं नाही आणि पुढेही दिवे चालूच ठेवले. यावेळी नाणं सगळीकडे एकाच आवाजात बोललं.

तेलाच्या खाचांबद्दल एक: त्या शीटच्या कडेपर्यंत नेऊ नका आणि शीटच्या जाडीपेक्षा खोल नकोत. दोन्ही चुका मी दुसऱ्यांच्या मशीनवर पाहिल्यात. तेल चिकटवलेल्या थराखाली शिरलं की संपलं.

१५ फेब्रुवारी

बेड परतला आणि नव्या फाउंडेशनवर बसला. मीटरला ०.०२ मिमी दाखवणाऱ्या लेव्हलनं पाचरी फिरवत फिरवत सरळ केला. ग्राउट इपॉक्सीचा, महाग पण तेलाला दाद देत नाही. बोल्ट आत्ता निम्म्याच टॉर्कला. महिन्याभरानं पुन्हा लेव्हल बघायचं आणि मगच पूर्ण आवळायचं. बिल्डरला घाई होती, त्याला आजच सही हवी होती. दिली नाही.

एक्सचा जुना लीडस्क्रू गेला. आठ मीटरचा बॉलस्क्रू स्वतःच्या वजनानं झोळ देतो, म्हणून रॅक आणि दोन पिनियन. दोन मोटरी एकमेकींविरुद्ध थोडा ताण धरून राहतात, त्यामुळे बॅकलॅश (दात्यांमधली ढिलाई) नाही. ग्राइंडिंगमध्ये बेड जेवढा उतरला तेवढी टर्साइटची जाडी धरली होती, तरी रॅकला शिम घालावे लागलेच.

१४ मार्च

लेव्हल पुन्हा पाहिली. एका टोकाला सरकली होती, थोडीच, पण होती. आता पूर्ण टॉर्क.

टूल होल्डरचे पुल स्टड (स्पिंडलमध्ये होल्डर ओढून धरण्यासाठीचे मागचे खुंट) चुकीचे आले. नव्या क्लॅम्पिंगची बोटं एका कोनाची, आलेले स्टड दुसऱ्या कोनाचे. दिसायला सारखेच. ऑर्डरमध्ये होल्डरचा फक्त प्रकार आणि आकार, "बीटी ५०", लिहिला होता, स्टडचा कोन आणि मानक लिहिलंच नव्हतं. सत्तर नग कपाटात पडलेत. कुणाला हवे असतील तर निम्म्या किमतीत न्या.

९ एप्रिल

गुढीपाडवा. साहेब लोकांना मुहूर्त हवा होता, म्हणून कंट्रोल आज औपचारिकपणे चालू केला. नारळ फुटला, पेढे वाटले, एक्स ॲक्सिस दोन मीटर सरकला, फोटो निघाले. मग जेवायला सगळे घरी.

खरी गोष्ट त्याआधीच्या दिवसांची. एक्स जागेवर उभा असताना स्क्रीनवरचा आकडा मध्येच चार-पाच मायक्रॉन थरथरायचा आणि थांबायचा. दोन दिवस केबल, शील्ड, स्केलचं रीडिंग हेड यातच डोकं घातलं. फीडबॅक केबल पॉवर केबलच्या ट्रेमधून काढून वेगळी केली, शील्डला दोन्ही टोकांना पूर्ण वेढा घालणारे क्लॅम्प लावले, मशीनसाठी स्वतंत्र अर्थ पिट केला. थरथर कमी झाली, गेली नाही. शेवटी लक्षात आलं की ती सकाळी आठ ते साडेबारा आणि एक ते साडेचार असते. जेवणाच्या सुट्टीत नसते. फॅब्रिकेशनमधले वेल्डर रिटर्न केबल जॉबला न लावता शेडच्या खांबाला चिमटा मारून मोकळे होत होते. पूर्ण बिल्डिंगच्या लोखंडातून वेल्डिंगचा करंट हिंडत होता. आता प्रत्येक वेल्डिंग टेबलाला कायमची रिटर्न पट्टी जोडून दिली आहे, खर्च काही हजार. बेअरिंगमधून असा करंट गेला तर काय होतं ते टर्बाइनवाल्यांना सांगायला नको. हे आधीच व्हायला हवं होतं, मशीन असो वा नसो.

१८ एप्रिल

लेझरनं पोझिशनिंग तपासलं, आयएसओ २३०-२ (ॲक्सिस किती अचूक जागी जातो ते तपासायचं मानक) प्रमाणे. पहिल्याच आलेखात ८ मीटरला ०.२२ मिमीची चूक, सरळ रेषेत वाढत गेलेली. बिल्डरचा माणूस लगेच कंट्रोलमध्ये करेक्शन टेबल भरायला बसला. थांबवलं. चूक इतकी सरळ असेल तर मशीनपेक्षा मोजणीवर संशय घ्यावा.

लेझर सगळं माप २० अंशांवर आणून दाखवतो. त्यासाठी त्याला मटेरियलचा प्रसरण गुणांक द्यावा लागतो. त्यानं स्टीलचा नेहमीचा ११.७ भरला होता. आमच्या स्केलच्या सर्टिफिकेटवर १०. शेडमध्ये ३६ अंश, म्हणजे २० च्या वर १६. फरक १.७ मायक्रॉन प्रति मीटर प्रति अंश, गुणिले १६, गुणिले ८ मीटर: २१८ मायक्रॉन. चूक जशीच्या तशी सापडली. गुणांक दुरुस्त केल्यावर उरलं ते खरं आणि करेक्शन टेबलमध्ये मावणारं.

ते टेबल तसंच भरलं गेलं असतं तर उन्हाळ्यात घातलेली ही चूक डिसेंबरात उलट बाजूनं उगवली असती आणि आम्ही वर्षभर टूलला दोष देत बसलो असतो.

२ मे

पहिला खरा जॉब: आडव्या स्प्लिटचं कॉम्प्रेसर केसिंग, दोन्ही अर्धे डॉवेल आणि बोल्टनं जोडून एकत्र बोअर करायचे. डायफ्रामच्या (केसिंगच्या आतल्या टप्प्यांमधल्या स्थिर तबकड्या) बैठकी ९०० मिमीच्या आसपास. मशीन सुरेख चाललं, फिनिश बघून मामासुद्धा गप्प झाले. इन्साइड मायक्रोमीटरनं माप बरोबर, क्वालिटीची सही झाली. असेंब्लीत गेलं आणि डायफ्राम बसेना.

परत मोजलं तर बोअर लहान. क्वालिटी म्हणते मशीननं चूक केली, बिल्डर म्हणतो मोजणाऱ्यानं. दोघांच्या आवाजानं शॉप जागं झालं.

मामा नवीन मशीनपासून जरा अंतर राखूनच असतात. ते आले, मायक्रोमीटर हातात घेतला, लगेच खाली ठेवला.

"साहेब, हा थंड आहे अजून. चहा होऊ द्या, मग लावा."

चहा झाला. त्याच बोअरला, त्याच माणसानं, अर्ध्या तासानंतर लावला तर रीडिंग बारा शतांशांनी, म्हणजे ०.१२ मिमीनं बदललेलं. आमच्यात शतांश बोलायची सवय असली तरी इथे मिलिमीटरच लिहितो, गोंधळ नको.

झालं होतं ते असं. आधुनिकीकरणाच्याच दुसऱ्या टप्प्यात मार्चमध्ये नवीन टूल रूम झाली. एसी, बारकोड, प्रत्येक मापन यंत्र पाळी संपली की जमा करायचं आणि लागेल तेव्हाच काढायचं. ऑडिटला छान दिसतं. मायक्रोमीटर २० अंशांच्या खोलीतून निघून थेट ३८ अंशांच्या केसिंगवर येत होता. ९०० मिमीच्या स्टीलच्या दांड्याला १८ अंशांत ०.१९ मिमी फरक पडतो. थंड मायक्रोमीटर आखूड असतो, म्हणून बोअर आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. ऑपरेटरला वाटलं माप आलं, तो थांबला. नशीब की चूक या बाजूची, पुन्हा कट घेता आला. उलटी असती तर केसिंग भंगारात.

पूर्वी मामा मायक्रोमीटर रात्रभर जॉबवरच ठेवायचे, फडक्यावर, आणि लावताना हातात कापडाचा मोजा. हे कुठल्याही कामाच्या सूचनेत लिहिलेलं नव्हतं. नवीन नियमानं ते बंद पडलं आणि कुणी विचारलंही नाही.

आता प्रत्येक मोठ्या जॉबसाठी मायक्रोमीटर पाळी सुरू होण्याआधी टेबलावर लाकडी स्टँडवर येतो आणि जॉब उतरेपर्यंत तिथेच राहतो. रजिस्टरला दोन रकाने वाढले: जॉबचं तापमान, यंत्राचं तापमान. दोघांत एका अंशाहून जास्त फरक असेल तर माप लिहायचंच नाही. बारकोडवाल्यांनी कुरकुर केली, पण टूल रूमच्या सॉफ्टवेअरमध्ये "मशीनवर मुक्काम" असा पर्याय करून दिला.

१३ मे

आज मतदान. कारखाना बंद, क्रेन बंद, भट्टी बंद, सगळी शटर खाली. कालच कॉलमच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला तापमानाचे सेन्सर चिकटवून लॉगर चालू ठेवला होता, कारण दुपारनंतर स्पिंडलची वाट किंचित वाकडी जाते असा संशय होता.

१५ मे

दोन दिवसांचे आलेख शेजारी ठेवले. बंद शॉपमध्ये कॉलमच्या दोन बाजूंतला फरक दिवसभर अर्ध्या अंशाच्या आत. काल, कामाच्या दिवशी, दुपारी तीनपर्यंत तसाच आणि मग चढत दीड अंश. तीन वाजता पश्चिमेचं मोठं शटर उघडतं, ट्रक लागतात, ऊन सरळ कॉलमच्या पाठीवर.

दीड अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण कॉलम चार मीटर उंच आणि एक मीटर जाड. एक बाजू दीड अंशानं जास्त गरम झाली की तो माथ्यावर जवळपास ०.१३ मिमी कलतो. डायल लावून पाहिलं तर काटा तेवढाच फिरला.

पूर्ण बे वातानुकूलित करायचं कोटेशन ९० लाखांचं. नको. शटरच्या आत पट्ट्यांचा पडदा आणि ट्रकसाठी एक आडोसा, या बेच्या पत्र्याखाली पफ पॅनल (उष्णता अडवणारे फोमचे तक्ते), आणि हवा ढवळायला छताला मोठे संथ पंखे. सगळं मिळून १४ लाखांत बसतंय. तोवर फिनिश कट पहाटेच घ्यायचा. तिसऱ्या पाळीला माणसं तयार आहेत, अट एकच: पहाटे चारला कॅंटीन उघडं हवं. मागणी रास्त आहे, मान्य झाली.

१९ जून

पाऊस लागला आणि हेडस्टॉकला घाम फुटला. अक्षरशः थेंब. पुसला की तासाभरात पुन्हा, आणि कव्हरखाली गंजाचा पिवळा थर.

स्पिंडल ऑइलचा चिलर बिल्डरनं पक्क्या २० अंशांवर लावून दिला होता, कारण "प्रिसिजन म्हणजे २० अंश". शॉप २८, हवा दमट, आणि हेडस्टॉक एवढा गार म्हणजे पाणी धरणारच. उन्हाळ्यात तर हेडस्टॉक गार आणि कॉलम तापलेला, त्यामुळे स्पिंडलची उंचीही हलत होती. ते कॉलमच्या कलण्यात मिसळून गेलं म्हणून वेगळं ओळखता आलं नाही. चिलरला आता बेडवरच्या सेन्सरशी बांधलंय. तेल बेडच्या तापमानाच्या एक अंश आगेमागे राहतं, बेड २५ असो की ३५. या चिलरमध्ये ही सोय पहिल्यापासून होती, मेनूच्या तिसऱ्या पानावर.

पॅनलच्या एसीचंही तेच. दार उघडं टाकून काम केलं की आत पाणी. दाराला लिमिट स्विच लावला.

११ जुलै

पफ पॅनल आणि पंखे लागले. पंख्याखाली आधी सगळ्यांना थंडी वाजली, मग सवय झाली. कॉलमचा फरक आता दिवसभर अर्ध्या अंशाच्या आसपास. पावसाळा असल्यानं यावर आत्ताच विश्वास ठेवत नाही, खरी परीक्षा पुढच्या एप्रिलात.

तिसरं केसिंग निघालं. स्प्लिट लाइनला निळा (स्पर्श कुठे होतो ते दाखवणारा रंग) मारून वरचा अर्धा बसवला, तर डाग दोन्ही फ्लँजवर सलग आले. पूर्वी फिटर या फ्लँजवर तीन-तीन दिवस स्क्रेपर घेऊन बसायचे, आता दुपारपर्यंत उरकतं.

औंध आयटीआयमधून आलेल्या दोन अप्रेंटिस पोरांनी टच प्रोबचे (मशीनवरच जॉबला स्पर्श करून मोजणारं यंत्र) प्रोग्रॅम लिहायला घेतलेत. एकानं स्टायलस (प्रोबची टोकाची सुई) मोडला. महाग असतो, पण शिकायची तेवढी फी धरली. मामा त्यांच्यामागे खुर्ची टाकून बसतात आणि जॉब कसा बांधायचा ते सांगतात. कुठे आवळला की कास्टिंग वाकतं आणि सोडल्यावर बोअर अंडाकृती होतं, हे प्रोबला नंतर कळतं, त्यांना आधीच.

२९ ऑगस्ट

हिशोब. मंजूर २ कोटी ४० लाख, झाले ३ कोटी १२ लाख. फाउंडेशन १८ ऐवजी ४३ लाख. टर्साइट दुसऱ्यांदा, रात्रीचं फोडकाम, अर्थिंग, पॅनल-पंखे, आणि बाहेरून बोअर करून घेतलेल्या केसिंगचे पैसे, हा सगळा प्रस्तावात नसलेला खर्च. कंट्रोल आणि सर्वो मात्र ठरलेल्या रकमेत आणि ठरलेल्या वेळेत आले. प्रस्ताव लिहिताना आमचं सगळं भांडण कोणता कंट्रोल घ्यायचा यावरच झालं होतं.

एप्रिलमध्ये सुरू व्हायचं मशीन खऱ्या अर्थानं जुलैत सुरू झालं. एका केसिंगला जिथे तीन आठवडे जायचे तिथे आता नऊ-दहा दिवस लागतात. त्यातला कापण्याचा वेळ फार कमी झालेला नाही, वाचला तो जुळवण्याचा आणि मोजण्याचा.

१४ ऑक्टोबर

खंडेनवमीला मशीनला हार पडला. बाकी राहिलेलं: वाय ॲक्सिसच्या काउंटरवेटची जुनी साखळी बदलायची आहे, नवी आली पण पिनेचा व्यास अर्धा मिलिमीटर जास्त. ॲक्सिसच्या टेलिस्कोपिक कव्हरच्या एका पट्टीत चिप अडकते. सर्वोचा एक सुटा मॉड्यूल स्टॉकमध्ये ठेवायला परचेसला सांगून दोन महिने झाले, उत्तर नाही.

पुढचं मशीन व्हर्टिकल टर्निंग लेथ. त्याच्या फाउंडेशनचे कोअर प्रस्ताव लिहायच्या आधीच काढायला सांगितलेत, तीन ठिकाणी, पूर्ण खोलीपर्यंत. पहिला आज निघाला, वरचे ८० मिमी तेलकट, खाली कोरडा.